मागे वीस टन ऊस

यंदाच्या अंकाचा विषय 'ओझं' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा गळीत हंगाम उतरणीला लागला होता. कारखाने बंद होण्याआधी राहिलेला ऊस नेण्याची घाई सुरू होती. वाळवा तालुक्यात कासेगाव-नेर्ले-पेठच्या पट्ट्यात रात्रीसुद्धा रस्ता रिकामा नव्हता. एक ट्रॅक्टर, त्यामागे एक ट्रॉली, तिच्यामागे आणखी एक, आणि दोन्ही उसानं शिगोशीग भरलेल्या. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडच्या प्रत्येकानं या गाड्यांच्या मागे मोटारसायकल हळू करून वाट पाहिलेली आहे. मला हे वाहन पुढच्या बाजूनं, चालकाच्या शेजारून बघायचं होतं. सव्वादोन टनांचं यंत्र आपल्या दहापट वजन रस्त्यावरून नेतं, ते नेमकं कसं, आणि थांबवायची वेळ आली तर काय होतं, एवढे दोनच प्रश्न घेऊन मी गेले.

फडातून बाहेर

ट्रॉली भरण्याचं काम पहाटे सुरू झालं होतं. बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी. बायका मोळ्या बांधून ठेवत होत्या, आणि गडी मोळी डोक्यावर घेऊन तिरप्या लावलेल्या फळीवरून वर चढत होते. ट्रॉलीच्या तळाशी आधी वायररोप पसरलेले असतात. कारखान्यात क्रेन याच रोपांना धरून सगळा ऊस एकदम उचलते. त्यांच्यावर थर चढत जातात. फाळक्याच्या वर ऊस गेला की मधे उभा राहणारा गडी हातानं मोळ्या फिरवून बसवतो. हा माणूस चांगला असेल तर ट्रॉली सरळ उभी राहते. त्यानं घाई केली तर एका अंगाला झुकते, आणि ते झुकणं पुढे वीस किलोमीटर चालकाच्या पाठीशी असतं.

भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या फडातून एकदम निघत नाहीत. आधी एक, मग दुसरी. पाणी दिलेल्या रानात चाकं रुतली की दुसरा ट्रॅक्टर पुढे लावून टोचन द्यावं लागतं. मी पाहिलं त्या दिवशी सरीतून बांधावर चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून वीतभर उठली. त्यावर तिथल्या तिथे उपाय झाला. दोन पोरं पळत आली आणि पुढच्या बंपरवर उभी राहिली. कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. मला मात्र ते बघवेना, कारण पाय घसरला तर पोरगं पडणार ते थेट चाकापुढे.

पुढची चाकं का उठतात, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिन मागच्या चाकांना फिरवतं, मागचं ओझं चाकांना धरून ठेवतं. चाक फिरू शकलं नाही, तर फिरण्याचा जोर ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या आसाभोवती उचलू लागतो. ट्रॉलीची दांडी जितकी उंचावर जोडलेली, तितका हा धोका मोठा. म्हणून ओढण्याची जागा मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खाली असावी लागते. काही जण खालचा हुक जमिनीला घासतो म्हणून दांडी वर घेतात. तेवढ्या एका बदलानं ट्रॅक्टर मागे उलटू शकतो, आणि उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. दांडी खाली जोडणं, पुढे लोखंडी वजनं बसवणं हे खरे उपाय आहेत. बंपरवर उभा राहिलेला माणूस हा उपाय नाही.

ओढणं आणि थांबवणं

ट्रॅक्टर विकताना आणि घेताना बोलणं होतं ते अश्वशक्तीचं. पंचेचाळीस, पन्नास, साठ. गावात ट्रॅक्टरची कीर्ती होते तीसुद्धा 'किती वढतोय' यावर. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर मोठा जोर देतं, खालचे गियर तो जोर आणखी वाढवतात, त्यामुळे पन्नास अश्वशक्तीचं साधं, जसं कंपनीतून आलं तसं यंत्र सपाटीवर वीस टन ऊस ओढून नेतं. ओढण्याची अडचण फारशी नाहीच.

ज्या चालकाशेजारी मी बसले होते त्यांनी हे एका वाक्यात सांगितलं. "ताई, वढतंय कुठलंबी मशीन. ब्रेक मारल्यावर मागचा ढकलतोय, तितं खरं काम हाय."

त्यांच्या वाक्याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. ट्रॅक्टर सव्वादोन टन, रिकाम्या ट्रॉल्या प्रत्येकी दोन टनांच्या आसपास, ऊस वीस टन. सगळं मिळून सव्वीस टन धरू. उसाच्या वाहतुकीत दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. या चाकांवर ट्रॅक्टरचं साधारण दीड टन वजन येतं. कोरड्या डांबरावर रबराची पकड चाकावरच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ब्रेक कितीही नवे असोत, पाय कितीही जोरात दाबा, थांबवणारा जोर एका टनाच्या पुढे फारसा जात नाही. त्यात चाकांच्या घरंगळण्याला होणारा विरोध साधारण चारशे किलोंचा धरा. सव्वीस टनांना अडवायला एकूण एक टन चारशे किलो.

या आकड्यांनी ताशी २५ किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ४५ मीटरवर उभी राहते. त्याच वेगातली मोटार चार-पाच मीटरमध्ये थांबते. वेग ४० असेल तर हे अंतर ४५ वरून सव्वाशे मीटरच्या जवळ जातं, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गानं ऊर्जा वाढते. यात चालकाला धोका कळून पाय पेडलवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. रस्त्यावर उसाचा पाला, चिखल किंवा पहाटेचं दव असेल तर पकड निम्म्यावरही येते.

आता उतार. दर वीस मीटरला एक मीटर खाली जाणारा रस्ता आपल्याला चालताना जेमतेम जाणवतो. तेवढ्या उतारावर सव्वीस टनांचं ओझं एक टन तीनशे किलोंच्या जोरानं पुढे ढकलतं. थांबवणारा सगळा जोर एक टन चारशे. शिल्लक उरते शंभर किलो. याहून जास्त उतारावर एकदा वेग धरलेली गाडी ब्रेकनं थांबतच नाही. 'ब्रेक फेल झाले' असं अपघातानंतर म्हटलं जातं तेव्हा अनेकदा ब्रेक शाबूत असणार, असं मला हा हिशेब केल्यावर वाटू लागलं. जे काम त्यांच्यावर टाकलं, ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

उताराच्या आधी

जाणता चालक उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहत नाही. उताराच्या तोंडाशी, गाडी जवळजवळ थांबवून, तो खालचा गियर टाकतो आणि क्लचवरून पाय काढून घेतो. इंजिन मग चाकांना वेगानं फिरू देत नाही. ज्या गियरमध्ये ही गाडी चढली असती, त्याच गियरमध्ये ती उतरवायची, ही जुन्या चालकांची रीत आहे आणि ती अचूक आहे. इंजिनाची अडवणूकही शेवटी त्याच मागच्या दोन टायरांतून रस्त्यापर्यंत पोचते, त्यामुळे तिलाही पकडीची मर्यादा आहेच. पण इंजिन वेग मुळात वाढूच देत नाही, ब्रेक तापत नाहीत आणि चाक एकदम जाम होत नाही. निर्णय घ्यायचा तो उतार सुरू होण्याआधी. अर्ध्या उतारावर गियर बदलायला क्लच दाबला, आणि वेगामुळे गियर पडलाच नाही, तर ट्रॅक्टर मोकळा सुटतो.

याच्या बरोबर उलट सवय सर्रास दिसते. उतार आला की न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणून. वाचतं ते काही थेंब, आणि त्यासाठी हातातला सगळ्यात भरवशाचा ब्रेक सोडून दिला जातो. हंगामात बोलण्याची संधी मिळाली त्या प्रत्येक तरुण चालकाला मी याबद्दल विचारलं. बहुतेकांनी हसून मान डोलावली. कुणी शिकवलेलंच नाही. ट्रॅक्टर चालवायला शिकले ते रानात, नांगरटीवर. वीस टन मागे घेऊन रस्त्यावरून जाण्याचा धडा कुठल्याच चाचणीत त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

रानात शिकण्याचा आणखी एक परिणाम आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं एक आणि उजव्याचं एक. नांगरताना तासाच्या टोकाला आखूड वळण घ्यायला एकच दाबायचं असतं. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं खिटीनं एकत्र अडकवावी लागतात. खिटी नसेल आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं, तर एक चाक थांबतं, दुसरं धावतं, मागचं ओझं ढकलत राहतं आणि ट्रॅक्टर आडवा होऊन उलटतो. कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या पेडलांकडे मी वाकून वाकून बघत फिरले. खिटी लावलेली होती, मोडलेली होती, गंजून एका बाजूला लोंबत होती. ती बसवायला फार तर अर्धा तास लागेल.

मागची ट्रॉली

दोन ट्रॉल्यांतली मागची ही वेगळीच वस्तू आहे. पुढच्या चालकानं स्टिअरिंग थोडंसं हलवलं तर पहिली ट्रॉली थोडी सरकते, आणि दुसरी त्याहून जास्त. वेग वाढला की हे झुलणं स्वतःला वाढवत नेतं. मोटारसायकलवाला ओलांडून जाण्यासाठी बाजूला येतो, तेव्हा त्याला पहिल्या ट्रॉलीची ओळ दिसत असते आणि अंगावर येते ती दुसरी.

ट्रॉलीचे प्रकारही महत्त्वाचे. दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन दांडीवाटे ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला बसतं. त्यानं मागच्या चाकांची पकड वाढते, पण पुढची चाकं हलकी होऊन वळणं कठीण जातं. चार चाकी ट्रॉलीचं पुढचं चाकजोड फिरतं असतं, ती आपलं वजन स्वतः पेलते, ट्रॅक्टरवर काहीच टाकत नाही. त्यामुळे पुढचा भाग जमिनीवर राहतो, पण थांबवण्यासाठी ट्रॅक्टरला एका किलोचीही मदत मिळत नाही. अशा दोन ट्रॉल्या मागे असतील आणि मागची चाकं ब्रेकनं जाम झाली, तर दांडी ट्रॅक्टरच्या ढुंगणाला ढकलत त्याला रस्त्यातच आडवा फिरवते.

अमेरिकेत शेतकरी आणि घोडे पाळणारे लोक डिझेल पिकअपमागे जड ट्रेलर लावतात. तिथला मोठा पिकअप रिकामा तीन टनांच्या वर भरतो आणि मागे साधारण पाच-सहा टन घेतो, म्हणजे दुपटीच्या आसपास. तरीही बहुतेक राज्यांत तीन हजार पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर येईल असं सामान रचायचं, कारण मागे जास्त भरलं तर ट्रेलर झुलतो. झुलू लागला तर पिकअपचे ब्रेक दाबायचे नाहीत, डॅशबोर्डवरच्या खटक्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावायचे. मागून ओढ बसली की गाडी आपोआप सरळ होते. आणि दांडी तुटून ट्रेलर सुटलाच, तर एक तार खेचली जाऊन त्याचे ब्रेक स्वतःच लागतात. दुपटीसाठी एवढी काळजी, आणि आपल्याकडे दहापटीसाठी मागे काहीच नाही.

ट्रॉली बनवणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये मी बराच वेळ बसले. ट्रकचे जुने आस, जुने टायर, नवं चॅनल लोखंड. वेल्डिंगचं काम सुबक होतं. ब्रेकबद्दल विचारलं तर त्यांनी कोपऱ्यातला एक जोड दाखवला. ब्रेकसकट आस मिळतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेवर चालणारी जोडणीही करून देता येते. "गिऱ्हाईक मागतच न्हाई," ते म्हणाले. "फाळकं किती उंच करून देता, एवढंच इचारतंय." त्यांनी यापूर्वी लावून दिलेल्या ब्रेकच्या नळ्याही लोक दुसऱ्या हंगामात काढून टाकतात, असं त्यांनी सांगितलं. ट्रॉली बदलताना जोडत बसायला वेळ नसतो.

पिन आणि दगड

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडून ठेवते एक पिन. ती झिजते, आणि तिच्या जागी बांधकामाची सळई कापून घातलेली मी पाहिली. पिन वर उडून निघू नये म्हणून तिच्या खालच्या छिद्रात क्लिप असायला हवी. शिवाय दांडीच्या खालून एक मजबूत साखळी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली सुटणार नाही. चढावर पिन तुटली तर मागची ट्रॉली उलटी घरंगळत जाते आणि तिला थांबवणारं कोणी नसतं. पिन, क्लिप, साखळी या तिन्हींचा मिळून खर्च एका टायरच्या खर्चापुढे नगण्य आहे.

बिघाड झाला की ट्रॉली रस्त्यातच सोडून ट्रॅक्टर गॅरेजला जातो. चाकांना दगडांची उटी लावलेली असते. रात्री तिथे काळोखात आठ-दहा टनांची एक भिंत उभी राहते. मागचे लाल दिवे बहुतेक ट्रॉल्यांना नसतात किंवा वायर तुटलेली असते. रिफ्लेक्टर चिखलानं माखतात, नाहीतर बाहेर आलेल्या उसाखाली झाकून जातात. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग, पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात आणि ती उपयोगाची आहे. पण जानेवारीत कुणी ते पुसतं का, हे कुणी बघत नाही. ट्रॉलीच्या मागे उसावरून लोंबणारं चकाकणारं कापड मला सगळ्यात चांगलं वाटलं, कारण ते उसानं झाकलं जात नाही आणि भरल्यावर शेवटी लावता येतं.

दुरुस्ती होऊन ट्रॉली निघून जाते तेव्हा दगड मात्र तिथेच राहतात. मोटारसायकलचं पुढचं चाक त्यावर चढलं की काय होतं, ते या भागातल्या दवाखान्यांना विचारायला नको. आणि टेपचा आवाज. ट्रॅक्टरवरचे मोठाले स्पीकर सुरू असले की मागून वाजवलेला हॉर्न चालकाला ऐकू येत नाही, आणि पिन वाजू लागली, टायर बसला, हे आवाजही ऐकू येत नाहीत. झोप लागू नये म्हणून गाणी लावतो, असं एका पोरानं सांगितलं. त्याचं कारण मला खोटं वाटलं नाही. तो आदल्या रात्री कारखान्याच्या आवारात ट्रॉलीखाली चादर टाकून, नंबर येईपर्यंत, तुकड्यातुकड्यांनी झोपला होता.

खेप आणि हप्ता

एवढं भरतात का, याचं उत्तर लोभ एवढंच देऊन थांबणं अन्यायाचं होईल. वाहनमालकानं ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो. कारखान्याशी करार करून त्यानं उचल घेतलेली असते आणि ती टोळीच्या मुकादमाला दिलेली असते. मुकादम टोळी घेऊन आलाच नाही, तर ती रक्कम मालकाच्या डोक्यावर बसते, आणि असं फसवलं जाण्याचे प्रकार दर हंगामात होतात. वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. आवारात नंबर लागायला कधी दहा-बारा तास जातात. म्हणजे दिवसाला एखादीच खेप होणार असेल, तर कमाई वाढवायचा एकच मार्ग उरतो, त्याच खेपेत जास्त टन. फाळकं उंच होतं ते इथे, या हिशेबात.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते आणि तिची वजनाची मर्यादा नोंदणीच्या कागदावर लिहिलेली असते. पण रस्त्यावर ऊस उतरवून ठेवायचा कुठे, आणि तोडलेला ऊस वाळला की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, या अडचणीपुढे कारवाई थोडक्यावर आटोपते.

काट्यावर

कारखान्याच्या वजनकाट्यावर मी शेवटची संध्याकाळ घालवली. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा पडतो. ऊस गव्हाणीत गेल्यावर रिकामी गाडी पुन्हा चढते, दुसरा आकडा पडतो. दोहोंची वजाबाकी पावतीवर छापून येते. कोणत्या ट्रॉलीनं किती ऊस आणला, याचा इतका पक्का पुरावा पोलिसांकडे नसतो, परिवहन विभागाकडे नसतो. तो कारखान्याकडे प्रत्येक खेपेचा, अनेक हंगामांचा साठलेला आहे.

म्हणून माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न रस्त्यावर सुटणार नाही, काट्यावर सुटेल. करार करतानाच ट्रॉलीला चालू ब्रेक, दांडीला साखळी, पेडलांना खिटी आणि मागे दिवा हे तपासून घेता येतं. नोंदणीच्या मर्यादेपलीकडच्या टनांचे वाहतुकीचे पैसे कारखान्यानं दिलेच नाहीत, तर फाळकी पुढच्याच हंगामात खाली येतील. त्याबरोबर टनामागचा दर वाढवावा लागेल आणि आवारातलं ताटकळणं कमी करावं लागेल, नाहीतर सगळा बोजा पुन्हा मालकावर आणि त्या झोपेला आलेल्या पोरावर पडेल. चालकांना हंगामाआधी उताराचा एक दिवसाचा धडा देणं तर आजही शक्य आहे. जागा आहे, ट्रॅक्टर आहेत, शिकवू शकणारे जुने चालक आहेत.

हा अंक वाचणाऱ्यांत सहकारी कारखान्याचे सभासद अनेक असतील. वार्षिक सभेत दराचा प्रश्न विचाराल तेव्हा आणखी एक विचारा. आपल्या कारखान्याशी करार असलेल्या किती ट्रॉल्यांना ब्रेक आहेत? आकडा मागा, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.